पाँपेईला जाताना खाली बघा

नमस्कार श्रोतेहो. युरोपची सहल ठरली की लोक हमखास विचारतात, रोमला मुक्काम आहे, एक दिवस हाताशी आहे, त्यात पाँपेई, म्हणजे नेपल्सजवळचं ते राखेत गाडलं गेलेलं जुनं रोमन गाव, होईल का? होईल. व्यवस्थित होईल. मात्र त्या दिवसात पाँपेईच करायचं. काही सहलवाले पाँपेई, व्हेसुव्हिअसचा ज्वालामुखी डोंगर आणि अमाल्फीचा समुद्रकिनारा एकाच दिवसात कोंबतात. पैसे तुमचे, पाय तुमचे, त्यांचं काय जातं!

रोमहून वेगवान गाडी सव्वा तासाच्या आसपास नेपल्सला सोडते. तिथे मुख्य स्टेशनच्या खालच्या मजल्यावरून सोरेंतोकडे जाणारी लोकल पकडायची. गर्दी असते, पाकीट पुढच्या खिशात ठेवा. चाळीसेक मिनिटांनी उतरायचं ते स्टेशन कागदावर लिहून घ्या: पाँपेई स्कावी. पाँपेई नावाची आणखी स्टेशनं आहेत, ती आजच्या गावाची. आपलं स्टेशन कोणतं? पाँपेई स्कावी. बाहेर पडलात की दार समोरच.

तिकीट आधी काढा. नोव्हेंबर 2024 पासून दिवसाला 20,000 माणसंच आत सोडतात आणि तिकिटावर नाव असतं, तेव्हा पासपोर्ट जवळ हवा. महिन्याचा पहिला रविवार फुकट असतो, म्हणूनच त्या दिवशी जाऊ नका. मोठी सॅक आत नेऊ देत नाहीत. पाण्याची रिकामी बाटली न्या, आत जागोजागी नळ आहेत. सावली जवळजवळ नाही, टोपी विसरू नका. आणि चपला नकोत, बूट घाला. फरसबंदी ज्वालामुखीच्या काळ्या दगडाची, उंचसखल, झिजून गुळगुळीत झालेली.

इसवी सन 79 मध्ये डोंगर फुटला, गाव राखेखाली गेलं, हे शाळेपासून ठाऊक आहे तुम्हाला. ते ऑगस्टमध्ये झालं असं आपण शिकलो. 2018 साली एका भिंतीवर कोळशाने खरडलेली तारीख सापडली, ती ऑक्टोबरातली. तेव्हापासून बरेच अभ्यासक ऑक्टोबर म्हणतात. असो.

आता मामांचं सांगतो. माझे मामा एसटीत ड्रायव्हर होते, लातूरकडचे. मामेबहीण शिकायला रोमला, तिने वडिलांना बोलावून घेतलं, तेव्हा मीही सोबत होतो. आम्ही फोरमच्या, म्हणजे गावच्या मुख्य चौकाच्या, फोटोत गुंग. बघतो तर मामा गायब. शोधत मागे आलो, तर मोठ्या रस्त्याच्या एका कोपऱ्यावर मामा उकिडवे बसलेले आणि हात मनगटापर्यंत चाकोरीत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या गाड्यांच्या चाकांनी दगडात पाडलेली चाकोरी. भोवती दहा-बाराजण जमलेले. छत्री उंच धरलेली एक गाइडबाई घाबरून विचारत होती, म्हाताऱ्याला चक्कर आली का?

मामा म्हणाले, "चक्कर कशाची? हिकडं बघ. ह्या कोपऱ्याचा कडंचा दगड घासलाय, पल्याडचा कोरा हाय. म्हंजे गाड्या ह्याच अंगानं वळायच्या. त्या बोळातनं बाहेर येत हुत्या, आत जात नव्हत्या. वन-वे हाय हे!"

बहिणीने इटालियनमध्ये सांगितलं. बाई आधी हसली, मग वाकली, मग तिने आपला सगळा जथा बोलावला. म्हणाली, एरिक पोलर नावाचे अमेरिकन संशोधक वर्षानुवर्षं हेच करत आले आहेत. कडेचे दगड कुठे घासलेत ते तपासून त्यांनी गावाची वाहतूक मांडली. एकेरी रस्ते होते, आणि दुहेरी रस्त्यावर गाडी उजव्या हाताने हाकायची रीत होती. मामांना ते उजव्या हाताचं काही पटलं नाही. "आत्ता बी हितं तसंच चालवत्यात," एवढंच म्हणाले.

मग त्यांची तपासणी सुरू झाली. रस्त्यात मध्येच उंच दगड रोवलेले असतात, पावसापाण्याचं आणि घाणीचं वाहत असताना पाय न भिजवता पलीकडे जायला. दोन दगडांमधून चाकं बरोबर निघतात. मामांनी वितीने अंतर मोजलं, दोन ठिकाणी, आणि खूश झाले, कारण माप जुळलं. फोरमच्या तोंडाशी तीन दगड उभे आहेत, गाडी आत जाऊच नये म्हणून. "नो एंट्री," मामा म्हणाले. शेवटी त्यांनी गाइडबाईला विचारलं, खड्डे कसे बुजवत? बाई म्हणाली, काही ठिकाणी वितळवलेलं लोखंड ओतलेलं सापडलं आहे. मामांनी क्षणभर विचार केला आणि विचारलं, "पावसाळ्याआधी का नंतर?"

याचं उत्तर बाईकडे नव्हतं. त्या दिवशी आमच्या विला देई मिस्तेरी या भिंतीवरच्या चित्रांसाठी गाजलेल्या जुन्या घराच्या रंगीत भिंती राहून गेल्या आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. कानात यंत्र घालून क्रमांकामागून क्रमांक बघत फिरणाऱ्यांना चाकोरी दिसत नाही, हे मी ठामपणे सांगतो. कानात शिरण्याचा धंदा माझाही आहे, पण मी तुम्हाला घरी बसवून बोलतो, रस्त्यात नाही. तेव्हा लक्षात ठेवा: पाँपेईत खाली बघा. भिंतींआधी रस्ता बघा.

एकच गाव म्हणालो खरा, पण एक अपवाद करतो, मराठी माणसांसाठी. 1938 साली पाँपेईच्या एका घरात हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. उंची वीतभराहून जराशी जास्त, अंगावर दागिनेच दागिने, दोन बाजूंना दोन दासी. आधी तिला लक्ष्मी म्हटलं, आता बहुतेकजण यक्षी म्हणतात. तशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती आपल्या तेरला आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. पाँपेईची ही मूर्ती नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे, त्यातल्या 'गुप्त दालन' नावाच्या खोलीत. पाँपेई सकाळी उघडताच गाठा, दुपारी दोन-अडीचला निघा, संग्रहालयात फक्त तिलाच बघा आणि संध्याकाळच्या गाडीने रोमला परता. मंगळवारी मात्र हा बेत करू नका, संग्रहालय बंद असतं. पुन्हा सांगतो, मंगळवार सोडून. नमस्कार.