पुरुमेंत आणि विजेचं बिल

(फोंडा तालुक्यातल्या एका ग्रंथालयाच्या उन्हाळी व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, व्यासपीठावर उभं राहून काटकसर शिकवणाऱ्या माणसाकडे आधी थोडं संशयानंच बघावं. त्याला भाषणाचं मानधन मिळतं, तुम्हाला उपदेश मिळतो. मला आज मानधन नाही, नारळ आणि शाल आहे, आणि नारळाचे भाव हल्ली कुठे गेलेत ते बघता मी फायद्यातच आहे.

माझी नोकरी हिशेब तपासण्यात गेली. त्या सवयीमुळे घरखर्चाबद्दलचे उपदेश ऐकताना हात कपाळाला जातो. बाहेरचा चहा सोडा, पिशव्या धुऊन वापरा, साबणाचा तुकडा नव्या साबणाला चिकटवा. करा, जरूर करा. पण महिन्याच्या वहीत त्यानं किती फरक पडतो ते एकदा लिहून बघा. आपल्याकडे घरातला पैसा जातो तो वस्तू महाग म्हणून कमी, आणि ती चुकीच्या वेळी घेतली किंवा केली म्हणून जास्त. गोव्यात तर वेळ ठरवणारा एकच मालक आहे, पाऊस. आज एप्रिलचा शेवट, म्हणजे मालक यायला महिना-सव्वा महिना राहिला. म्हणून हा विषय दिवाळीत नको, आता घ्या, असं मीच आयोजकांना सांगितलं.

पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्यासाठी आधीच भरून ठेवायची बेगमी, तुम्हाला नवं नाही. मे महिन्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जा, नाही तर मडगावच्या पुरुमेंताच्या फेस्ताला जा. सुकी सुंगटं (कोळंबी), गालमो (बारीक सुका जवळा), खारे बांगडे, मिरच्या, चिंच, सोलं (सुकवलेली कोकमं), जाडं मीठ, कांद्याच्या माळा. सगळा पावसाळा त्या चार पिशव्यांत असतो. आपण याला परंपरा म्हणतो, फोटो काढतो आणि घरी येऊन मोबाइलवरून कांदे मागवतो. पण यात हिशेब किती पक्का होता ते बघा. १ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. होड्या आणि नदीची मासळी तेवढी राहते, भाव चढतो. ज्या घरात सुंगटांची बरणी भरलेली असते ते घर जुलैमध्ये मासळीवाल्याशी घासाघीस करत नाही. सुक्या मासळीची कोशिंबीर म्हणजे किसमूर करतं, सोलकढी करतं आणि जेवून मोकळं होतं. मिरचीचंही तसंच. मेच्या उन्हात कडकडीत वाळवलेली मिरची वर्षभर टिकते. ऑगस्टात घेतलेली ओलसर मिरची आठवड्यात बुरसते, म्हणजे तीच मिरची दोनदा विकत घ्यावी लागते.

(श्रोत्यांतून एक काकी म्हणाल्या, "फ्लॅटांत माळो खंय आसा?")

बरोबर विचारलंत. जुन्या घरात माळा होता, चुलीचा धूर वर जायचा, माळेतला कांदा आणि शिंक्यातली सुकी मासळी कोरडी राहायची. चूल गेली, धूर गेला आणि आपण मात्र आजीच्याच मापानं खरेदी करतो. दहा माणसांच्या घराचं पुरुमेंत तिघांच्या फ्लॅटमध्ये आणलं की श्रावणात अर्धं फेकावं लागतं. याला मी काटकसर म्हणणार नाही. दोन पावसाळी महिने डोळ्यांपुढे ठेवा आणि तेवढंच घ्या. सुंगटं आणलीत की पुन्हा दोन उन्हं द्या. मग तव्यावर मंद आचेवर हलकी गरम करा, पूर्ण गार होऊ द्या आणि काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. गरम असताना भरलीत तर वाफ आतच राहते आणि पंधरा दिवसांत वास येतो. मिठाची गोणी जमिनीवर ठेवू नका, फळीवर ठेवा. आणि रोजचं मीठ मोठ्या बरणीतून ओल्या हातानं काढू नका, हे तर लहानपणी सगळ्यांनी ऐकलेलं आहे, मोठेपणी पाळणारे थोडे.

आणखी एक हिशेब. फोंड्याहून केवळ पुरुमेंतासाठी गाडी काढून म्हापशाला जायचं म्हणजे जाऊन-येऊन सत्तर-ऐंशी किलोमीटर. पाच लिटरच्या आसपास पेट्रोल. मिरचीत वाचलेले पैसे तिथेच गेले, वर बाजारात गेलात म्हणजे चोरिझाची (गोव्याच्या मसालेदार सॉसेजची) माळ आणि दोन झाडू येणारच. फिरायला म्हणून जा, मजा करा. पण तो खर्च फिरण्याच्या खात्यात लिहा, बचतीच्या नको. चार घरांनी मिळून एकाला पाठवणं हे त्याहून बरं.

आता एक गोष्ट जरा कडू आहे. हे सगळं पुरुमेंत कोण करायचं? भिंडां, म्हणजे कोकमाची फळं, फोडून सालं वेगळी करणं, ती आगळात (त्यांच्याच खारवलेल्या रसात) बुडवून पुन्हा पुन्हा वाळवणं, फणसाची साटं (पोळ्या) घालणं, तोरांना (कच्च्या कैऱ्यांना) मीठ लावणं. मेच्या दुपारी अंगणात कावळे हाकत कोण बसायचं? घरातल्या बायका. त्या उन्हाचा दर कुठल्याच वहीत लिहिला गेला नाही, म्हणून तर ते सगळं स्वस्त वाटायचं. आज नोकरी करून घरी येणाऱ्या बाईला कुणी "आमची आई सगळं घरी करायची" असं ऐकवत असेल तर त्यानं आधी स्वतः पंचवीस किलो भिंडां फोडून दाखवावीत. फुकट बाईच्या हातावर उभी असलेली बचत मी बचतीत धरत नाही. सोलं गावातल्या स्वयंसाहाय्य गटाकडून घ्या. घरी करायचीच असतील तर सगळ्यांनी मिळून करा, आणि बिया फेकू नका. त्यांचं भिंडेल, म्हणजे घट्ट तेल, करून घेतलं तर भेगाळलेल्या टाचांना वेगळं मलम लागत नाही.

फणसाची बिकणं, म्हणजे आठळ्या, तर फुकटचीच आहेत. धुऊन, सावलीत सुकवून, मातीत घोळवून ठेवली की पाऊस लागल्यावर कामाला येतात. पहिल्या सरींनंतर रस्त्याकडेला तायकिळा (टाकळा) उगवतो. कोवळी पानं, ठेचलेली बिकणं, थोडं खोबरं. एका वेळची भाजी झाली, आणि तीही अशा दिवसांत जेव्हा बेळगावहून येणारी भाजी पावसानं अडली की कोथिंबिरीची जुडी हातात घेववत नाही. कुर्डू आहे, तेरं (रानअळू) आहे, किल्ल (बांबूचे कोंब) आहे. फक्त ओळख पक्की हवी. रानभाजी आणि त्यातही अळमी (रानातली अळंबी) अंदाजानं तोडायची नसतात. अळमी तर विकतची घेऊन काटकसर होते असं कुणी समजू नये. रस्त्याकडेला पानात बांधून विकतात त्याचा भाव विचारलात तर त्या दिवशी कोंबडी स्वस्त वाटेल! विकतची भाजी लागेल तेव्हा फलोत्पादन महामंडळाचा गाळा आधी बघा. तिथला दर पाटीवर लिहिलेला असतो आणि तो बहुतेक वेळा बाजारापेक्षा कमी असतो.

आता स्वयंपाकघरातून विजेकडे वळू. उन्हाळ्यात वीज खात्याचं बिल बघून आपण आधी मुलांवर ओरडतो, दिवा का ठेवलास म्हणून. नऊ वॅटचा एलईडी दिवा आहे तो. रात्रभर चुकून राहिला तरी युनिटचा दहावा हिस्सा खातो. पूर्वीचा साठ वॅटचा बल्ब होता तेव्हा त्या ओरडण्यात अर्थ होता. आता ओरडायचं तर पंख्यावर ओरडा. आपल्या हवेत पंखा वर्षातले दहा महिने फिरतो. जुना पंखा साधारण ७५ वॅटचा. दिवसाला १२ तास धरले तर महिन्याला २७ युनिट. नवे बीएलडीसी (ब्रशलेस मोटरचे) पंखे येतात ते ३० वॅटच्या आसपास चालतात, म्हणजे महिन्याला अकरा युनिट. एका पंख्यामागे सोळा युनिट, तीन पंख्यांचे अठ्ठेचाळीस. आणि आपल्या बिलात टप्पे असतात, जास्त वापराला जास्त दर. त्यामुळे वाचलेली युनिटं ही नेहमी वरच्या, महागड्या टप्प्यातली असतात. चांगला चालणारा पंखा काढून टाका असं मी म्हणत नाही. पण जुना जळला की त्याला पुन्हा गुंडाळी भरून आणू नका. तो पैसा नव्यात घाला.

एसीला २४ अंशांवर ठेवा. २०२० पासून नवे एसी कारखान्यातूनच २४ वर ठरवून येतात, आपणच रिमोट हातात घेऊन १८ करतो आणि वर चादर पांघरतो. ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो की एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते. सोबत पंखा लावा. गोव्यात त्रास उष्णतेपेक्षा दमटपणाचा जास्त असतो आणि वारा फिरला की २६ सुद्धा चालतं. गिझर दोन किलोवॅटचा असेल तर अर्ध्या तासाला एक युनिट. चौघांनी चार वेळा तापवण्यापेक्षा एकदा तापवून पाठोपाठ आंघोळी उरकाव्यात. ज्यांच्या परसात अजून भाण (पाणी तापवायचं मोठं भांडं) आहे आणि चार माड आहेत, त्यांनी चुडतं (झावळ्या) आणि करवंट्या जाळाव्यात, पण उघड्यावर. बंद न्हाणीतला धूर छातीत जातो आणि मग वाचलेले पैसे डॉक्टरकडे जातात.

फ्रिजची एक परीक्षा सांगतो. दाराच्या फटीत नोट ठेवून दार लावा आणि ओढा. सहज निघून आली तर रबर गेलं. ते पावसाआधी बदला, कारण पावसात बाहेरची दमट हवा आत शिरते, बर्फ साचतो आणि यंत्र थांबायचं नाव घेत नाही.

गॅसचं मात्र आदल्या रात्रीच ठरतं. छोले, वाटाणे, आळसांदे रात्री भिजले की सकाळी शिजायला वेळ निम्मा लागतो. सकाळी आठवलं तर सोडा आणि शिट्ट्या, वर चवही जाते. उकडे तांदूळ शिजायला वेळ घेतात हे गोव्यात कुणाला सांगायला नको. ते तास-दीड तास भिजवा, एक उकळी येऊन दहा मिनिटं झाली की झाकण घट्ट लावून भांडं जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवा. पेज आपोआप होते. कुकरला वाफ धरली की आच बारीक करा. मोठ्या आचेनं शिट्ट्या वाढतात, डाळ लवकर शिजत नाही.

पाण्याचा हिशेब तर थक्क करणारा आहे. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. १०० चौरस मीटरचं छप्पर असेल तर त्यावर तीन लाख लिटर पाणी येतं, आणि मेमध्ये आपण टँकरची वाट बघत बसतो. सगळं धरता येणार नाही. पण घरात विहीर असेल तर पन्हळाचा पाइप खडी, कोळसा आणि वाळूच्या गाळणीतून तिच्यात सोडता येतो. पहिल्या दोन-चार सरी बाहेर जाऊ द्या, छपरावरची घाण त्यात वाहून जाते. पन्हळ आणि कौलं साफ करण्याचं काम आताच करायचं. जूनमध्ये छपरावर चढणारा माणूस दुप्पट मजुरी मागतो, आणि ती मागायचा त्याला हक्क आहे.

शेवटचं चवथीचं, म्हणजे गणेशचतुर्थीचं. आपल्या घरांतला वर्षाचा मोठा खर्च चवथीचा असतो आणि तो दोन दिवसांत होतो. माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या मांडवीचं) सामान, कांगणं, तोरिंजन, माट्टीची फळं, सुपारीचा घड, आधी रानातून आणि परसातून यायचं. आता बाजारातून येतं आणि चवथीच्या आदल्या दिवशी भाव विचारायची सोय नसते. वाड्यावर एक वही फिरवा. कुणाकडे नीरफणस आहे, कुणाकडे सुपारी, कुणाकडे हळदीची पानं, ते आधी लिहून घ्या आणि अदलाबदल करा. देवाला त्याची पावती लागत नाही. आणि गृह आधार या गोवा सरकारच्या गृहिणींसाठीच्या योजनेचे महिन्याचे १५०० रुपये ज्यांच्या खात्यात येतात त्यांनी जून ते ऑगस्टमधले निम्मे जरी बाजूला काढले तरी कर्ज न घेता नेवऱ्यांचं (करंज्यांचं) सामान येईल.

(प्रश्न आला: तेलही आताच भरून ठेवायचं का?)

नाही. खोबरेल घाण्यावरून महिन्याचं महिन्यालाच आणा. खोबरं नीट सुकलेलं नसेल तर पावसात ते तेल खवट होतं, आणि पाच लिटरचा खवट डबा घरात कुणीही संपवत नाही. घाण्यावर देण्याआधी खोबऱ्याची वाटी मोडून बघा. कट्ट आवाज आला तर द्या, नुसती वाकली तर अजून दोन दिवस उन्हात राहू दे.