आरतीच्या वेळी ती कुठे असेल?

[दृश्य : गॅरेज. गणपतीच्या मखरामागे टेकवून ठेवलेला मोठा कागद. कॅमेरा हळूहळू जवळ.]

कागदावर माणसाची काळी आकृती आहे. डोकं, खांदे, छाती. छातीवरची भोकं माझ्या गोळ्यांची. खांद्याबाहेर गेलेली ही चारही माझीच, ती पंधरा यार्डांवरून मारलेली. नेमबाजीच्या परीक्षेत २५० पैकी २२१ गुण मिळाले. पास व्हायला १७५ पुरतात.

हे झालं त्याला वर्ष होऊन गेलं. पिस्तुलाचा परवाना मी अजून काढलेला नाही.

[दृश्य : डॅलसच्या उत्तरेकडची वसाहत. एकसारखी विटांची घरं.]

सुरुवात आमच्या गल्लीतल्या चोरीपासून झाली. ऐन दिवाळीत, भरदुपारी. घरातले सगळे मंडळाच्या कार्यक्रमाला गेले होते, आणि देशी घरात सोनं असतं हे चोरांना आता पाठ आहे. मंगळसूत्र, पाटल्या, लेकीसाठी जमवलेलं सगळं गेलं. त्या रात्री व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर कॅमेरे, कुत्रे, अलार्म सगळं येऊन गेलं आणि शेवटी एकाने लिहिलं, ‘एलटीसी काढा सगळ्यांनी.’

एलटीसी म्हणजे लायसन्स टू कॅरी, कमरेला पिस्तूल लावून घराबाहेर पडण्याचा टेक्ससचा परवाना. दुपारी घरात कुणी नसताना झालेल्या चोरीत त्याचा काय उपयोग झाला असता, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. मीही नाही. पिस्तूल घरात असतं तर पाटल्यांबरोबर तेही गेलं असतं.

[दृश्य : जुने रस्ते, टेक्ससचा मोकळा माळ.]

टेक्सस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कमरेला पिस्तूल लटकवलेला घोडेस्वार येतो. प्रत्यक्षात या राज्याने १८७१ मध्येच पिस्तूल घेऊन फिरण्यावर बंदी घातली होती, आणि ती थोड्याफार फरकाने सव्वाशे वर्षं टिकली.

ती सुटण्यामागे किलीन गावातली एक दुपार आहे. १६ ऑक्टोबर १९९१. लूबीज नावाच्या कॅफेटेरियाची काच फोडून एक माणूस गाडीसकट आत घुसला आणि गोळ्या झाडत सुटला. २३ जण मेले. सुझाना ग्रेशिया ही तरुण कायरोप्रॅक्टर, म्हणजे पाठीच्या कण्यावर उपचार करणारी, तिथे आईवडिलांबरोबर जेवत होती. तिच्याकडे पिस्तूल होतं, पण कायदा मोडायला नको म्हणून ते गाडीतच ठेवलेलं. आईवडील दोघंही गेले. पुढे सुझाना हप या नावाने तिने, लोकांना पिस्तूल बाळगू द्या म्हणून, जागोजागी साक्षी दिल्या आणि आमदारही झाली. १९९३ मध्ये या प्रश्नावर लोकांचं मत घेण्याचं विधेयक गव्हर्नर अॅन रिचर्ड्स यांनी नाकारलं. पुढच्या वर्षी त्या निवडणूक हरल्या. जिंकलेल्या जॉर्ज बुश यांनी १९९५ मध्ये परवान्याच्या कायद्यावर सही केली आणि १ जानेवारी १९९६ पासून परवाना घेऊन पिस्तूल बाळगता येऊ लागलं.

सुझानाची गोष्ट ऐकली की तिला उत्तर द्यायला माझ्याकडे तरी काही नसतं. पण आता गंमत बघा. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्ससमध्ये २१ वर्षांवरच्या, कायद्याने अपात्र नसलेल्या माणसाला पिस्तूल बाळगायला परवानाच लागत नाही. म्हणजे जे कार्ड काढायचं की नाही यावर मी वर्षभर घोळ घालतोय, ते सक्तीचंही नाही.

मग लोक काढतात कशाला? एक तर दुसऱ्या राज्यात गेल्यावर उपयोगी पडतं, सगळीकडे नाही. माझा मावसभाऊ न्यू जर्सीत, एडिसनला असतो. त्याच्याकडे टेक्ससचं कार्ड चालत नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्याचा निकाल देईपर्यंत तिथे साध्या माणसाला असा परवाना मिळणं जवळजवळ अशक्यच होतं. दुसरं कारण शाळेचं. केंद्राच्या कायद्याप्रमाणे शाळेपासून हजार फुटांच्या आत बंदूक बाळगणं गुन्हा आहे. त्या राज्याचा परवाना असलेल्याला सूट. आमच्या वसाहतीत हजार फुटांत शाळा नाही असा रस्ता शोधावाच लागेल.

आणि आपल्या लोकांसाठी त्याआधीची एक पायरी आहे. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याने, शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले, तर बंदुकीला हातच लावायचा नाही. हा केंद्राचा कायदा आहे, टेक्सस कितीही मोकळं असलं तरी तो सुटत नाही. माझं ग्रीनकार्ड आलंय, म्हणून मी रेंजवर उभा राहू शकलो. पण नागरिक नसलेल्यावर शस्त्राचा गुन्हा शाबीत झाला तर हद्दपारीची वेळ येऊ शकते. आमच्या ग्रुपवर हे कुणी लिहीत नाही.

[दृश्य : शूटिंग रेंज. कानावर मफ, हातात भाड्याचं पिस्तूल. आवाज दबलेला.]

शनिवारचा वर्ग. सकाळी कायदा, दुपारी नेमबाजी. पन्नास गोळ्या : वीस तीन यार्डांवरून, वीस सात यार्डांवरून, दहा पंधरा यार्डांवरून. तीन यार्ड म्हणजे आमच्या सोफ्यापासून टीव्हीपर्यंतचं अंतर. तेवढ्या जवळून मारायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं. शेजारच्या माणसाच्या पिस्तुलातून उडालेलं तापलेलं पितळी टरफल माझ्या कॉलरमधून आत पडलं. मी नाचलो, पण पिस्तुलाची नळी समोरच धरली. त्याबद्दल शिक्षकाने पाठ थोपटली. वर्गातली सगळ्यात मोठी शाबासकी हीच.

खरं सांगायचं तर मजा आली. हे लपवण्यात अर्थ नाही.

[दृश्य : किराणा दुकानाची काच. त्यावर इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये लांबलचक मजकूर.]

ही पाटी मी इतकी वर्षं वाचली नव्हती. परवाना असला तरी लपवलेलं पिस्तूल आत आणू नका, असं ती सांगते. फौजदारी कायद्यातल्या कलमावरून तिला ३०.०६ म्हणतात. अक्षरं किमान एक इंच उंचीची हवीत. बारच्या दारावर ५१ टक्क्यांची पाटी, कारण त्यांचं निम्म्याहून जास्त उत्पन्न तिथेच प्यायल्या जाणाऱ्या दारूचं. पोस्टात तर नाहीच. मग दिवसभरात या दारांशी काय करायचं? पिस्तूल गाडीत ठेवायचं. गाड्यांतून चोरीला जाणारी पिस्तुलं ही इथल्या पोलिसांची नेहमीची डोकेदुखी आहे. सुझाना हपनेही गाडीतच ठेवलं होतं.

[दृश्य : कोकण. कुडाळजवळचं कौलारू घर, पडवी.]

मला सारखे आजोबा आठवतात. त्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्याची, भातात घुसणाऱ्या रानडुकरांसाठी. ती माजघरात खुंटीला टांगलेली असे. निवडणूक लागली की आजोबा ती खांद्यावर टाकून पोलीस ठाण्यात जमा करायला निघायचे. वाटेत चार जण विचारायचे, ‘निवडणूक इली काय?’ कुणाकडे बंदूक आहे, बंदुकीची दारू कितपत आहे, शेवटचा बार कधी काढला, हे सगळ्या वाडीला ठाऊक. आजी म्हणायची, ‘डुकरांक बंदूक, माणसांक माझा तोंड.’

त्या बंदुकीवर अख्ख्या गावाचा डोळा होता. इथे पिस्तूल उघडं लावायलाही हरकत नाही. पण वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांना ते लपवायचंच होतं. शर्ट किती सैल हवा, खाली वाकताना दस्त्याचा आकार दिसतो का, मिठी मारताना काय करायचं, यावर पाऊण तास गेला. माझं मन अडलं ते तिथे. मला वाटलं होतं नेम जमणार नाही, तो जमला. पण शेजाऱ्याला मिठी मारताना कोपर आत घ्यायचा, हे माझ्याच्याने होईना.

[दृश्य : स्वयंपाकघर. मोदकांची तयारी, पाठमोरी स्त्री.]

बायकोने वाद घातला नाही. ती रुग्णालयात औषध विभागात आहे, रात्रपाळी करते, अंधाऱ्या पार्किंगमधून एकटी गाडीपर्यंत जाते. भीती तिला माझ्यापेक्षा जास्त जवळून माहीत आहे. तिने आकडा एकच सांगितला : अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. आमची मुलगी बारा वर्षांची आहे. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागली, आणि ती मी नीट बंदोबस्तात ठेवली नव्हती असं निघालं, तर टेक्ससमध्ये गुन्हा माझ्यावर.

मी म्हटलं, बोटाच्या ठशाने उघडणारी छोटी तिजोरी घेऊ, पलंगाशेजारी.

ती म्हणाली, ‘घे. पण परवाना पिस्तूल कमरेला लावून फिरण्याचा आहे ना? गणपतीला घरात पन्नास माणसं असतात. निम्मी मुलं. तू धोतर नेसतोस. आरतीच्या वेळी ती बंदूक कुठे असेल, तेवढं सांग.’

[दृश्य : मखर, रिकामं. दिव्यांची माळ लावून बघणारे हात.]

तिच्या पार्किंगवर मात्र माझ्याकडे उत्तर नाही. तिने स्वतः परवाना काढावा का, असं मी एकदा विचारलं. रुग्णालयाच्या दारावर पाटी आहे, म्हणाली. म्हणजे पुन्हा गाडी. सध्या ती निघताना मला फोन लावते आणि गाडीत बसून दार लॉक केलं की ठेवते. तीनेक मिनिटं आम्ही काहीबाही बोलतो, दूध संपलंय वगैरे.

वर्गाचं प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं. परवान्याची फी ४० डॉलर. ऑनलाइन अर्ज अर्धा भरलेला आहे, बोटांचे ठसे द्यायला जायचं राहिलंय. शिक्षकाची दोनदा ईमेल आली.

[दृश्य : गॅरेज. मखर बाहेर काढलं जातं. मागचा कागद घरंगळून खाली पडतो.]

काल मखर काढताना हा कागद मुलीला दिसला. तिने भोकं मोजली. मग आकृतीच्या खांद्याबाहेरच्या चार भोकांवर बोट ठेवून विचारलं, ‘बाबा, या कुठे गेल्या?’