झावळ्या परत येतात, माळा का येत नाहीत?

(राखेच्या बुधवाराआधीच्या रविवारी वसईतल्या एका धर्मग्रामाच्या सभागृहात दिलेलं व्याख्यान. बोलण्याचा बाज राखून संपादित.)

फादर, सिस्टर आणि मिस्सा संपल्यावरही घरी न जाता थांबलेले तुम्ही सगळे,

आजची सूचना ऐकलीत ना? 'गेल्या वर्षीच्या झावळ्या मंगळवारपर्यंत आणून द्या.' झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित होऊन घरी आलेल्या त्या झावळ्या. दर वर्षी ऐकतो आणि आणूनही देतो. घरातल्या आल्तारामागे, म्हणजे आपल्या देव्हाऱ्यामागे, खोचलेली, मेणबत्तीच्या धुरानं काळवंडलेली झावळी पोरांच्या हातात देऊन पाठवतो. इथे ती जळते आणि बुधवारी, उपवासकाळ सुरू होताना, राख होऊन आपल्याच कपाळावर येते. हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मग तुटलेली जपमाळ, टवका उडालेला संत अंतोन, गळ्यात घालायचं, चित्र पुसून गेलेलं कापडी स्कॅप्युलर परत का येत नाही? जी वाट झावळीला आहे, तीच या सगळ्यांना मिळाली पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे.

जुन्या आशीर्वादित वस्तूंचं काय करायचं, ते सांगायला मला बोलावलंय. ते सांगतेच, पण त्याआधी आमच्या घरातली एक गोष्ट ऐका.

आमच्या आजीची माळ लाकडी मण्यांची होती. ५३ मणी 'नमो मारिया' या मरियेच्या प्रार्थनेचे, ६ प्रभूच्या प्रार्थनेचे. दोरा किती वेळा बदलला असेल, देव जाणे. वाडीतून पाणी शिंपून आली की ओल्या हातांनीच ती माळ घ्यायची, त्यामुळे मणी गुळगुळीत आणि काळे झाले होते. आजी गेली. तिला पेटीत ठेवलं, तेव्हा कुणीतरी म्हणालं, 'ही कळकट माळ नको, लोक बघायला येतात.' मग बाजारातून पांढरीशुभ्र प्लास्टिकची माळ आणून तिच्या हातात गुंडाळली. मी तेव्हा कॉलेजात होते, बोलायचा धीर झाला नाही. ज्या बोटांनी जन्मभर ते मणी ओढले, त्या बोटांत कोरी माळ! ते अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तुमच्यापैकी कुणाच्या घरात उद्या अशी वेळ आली, तर जुनीच माळ हातात द्या. आशीर्वादित वस्तूला माणसाबरोबर मातीत जाण्याइतका मान दुसरा नाही.

आजीची माळ बिस्किटांच्या डब्यात राहिली. पुढे घर पाडून नवं बांधायचं ठरलं आणि आल्ताराचं सामान निघालं. मान तडकलेला प्लास्टरचा संत अंतोन, वाळवी लागलेल्या तसबिरी, दोन स्कॅप्युलर, आजोबांचं पानं सुटलेलं प्रार्थनेचं पुस्तक. माळेचा डबा तेवढा मी मागे ठेवला. बाकीचं गोणीत भरून एका चर्चच्या ऑफिसात नेलं. कुठल्या, ते सांगत नाही. तिथे उत्तर मिळालं, 'मागे क्रुसापाशी ठेवा, नंतर बघू.' मी ठेवलं. जुलै महिना होता. पंधरा दिवसांनी गेले तर गोणी फाटलेली, पुस्तकाचा लगदा झालेला आणि अंतोनाचं डोकं गायब. मी तिथेच उभी राहून रडले. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. त्यांच्याकडे अशा वस्तूंसाठी जागाच नव्हती आणि आजही बहुतेक ठिकाणी ती नाही.

ते डोकं कुठे सापडलं? रस्त्यापलीकडे पिंपळाखाली, जिथे लोक देवांच्या फुटक्या काचेच्या तसबिरी आणून ठेवतात ना, तिथे. शेजारी भाजी विकणारी बाई म्हणाली, 'बाई, तुमचा देव गटारापाशी पडला होता. धुऊन आमच्या देवांबरोबर ठेवला. उघड्यावर कशाला?' तिला कुणी धर्मशिक्षण दिलं नव्हतं. पवित्र वस्तू पायदळी जाऊ नये, हे तिला ठाऊक होतं.

आणि हे आपल्या मातीत जुनं आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा इथल्या चर्चच्या घंटा देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली १७२१ ची घंटा तुम्ही पाहिली असेल. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर एक आहे, तिच्यावर १७०७ साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मरिया आहे. लढाईत जिंकलेला माल होता, वितळवता आला असता. पण मरियेचं चित्र तसंच ठेवून ती टांगली. मेणवलीला गेलात तर घाटावर उतराच. मी तिथे उभी राहून एक 'नमो मारिया' म्हटली होती.

फादर घड्याळ दाखवतायत, धर्मशिक्षणाच्या वर्गाला हॉल हवा आहे. तर भराभर सांगते.

कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेचा ११७१ वा नियम सांगतो की, आशीर्वादित वस्तू खाजगी मालकीची असली तरी तिला आदरानेच वागवायचं, भलत्या कामाला लावायचं नाही. १९१७ च्या जुन्या संहितेत आणखी स्पष्ट होतं: मूळ रूप जाऊन वस्तू कामाची राहिली नाही, किंवा ती जाहीर विक्रीला मांडली, की आशीर्वाद संपतो. म्हणून पितळी क्रूस भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवू नका. आणि म्हणूनच दोरा तुटला, दोनचार मणी हरवले, तर माळ संपत नाही. ओवून घ्या, आशीर्वाद तोच राहतो.

जे जळतं ते जाळा: कागद, कापड, लाकूड, स्कॅप्युलर. राख मातीत पुरा. नवं स्कॅप्युलर पुन्हा आशीर्वादित करून घ्यावं लागत नाही, पहिलं विधीनं घातलेलं असलं की पुरे. प्लास्टर जळत नाही, त्याचे तुकडे करा म्हणजे चेहरा कुणाच्या पायाखाली येणार नाही, आणि खोल पुरा. पवित्र पाणी बेसिनमध्ये नाही, झाडाच्या मुळाशी ओता. साक्रिस्तीतल्या, म्हणजे चर्चच्या पूजासाहित्याच्या खोलीतल्या, खास कुंडाची नळीसुद्धा गटारात न जाता थेट मातीत जाते, ती याचसाठी. लग्नपत्रिकेवरचा येशू आशीर्वादित नसतो, तरीही कचऱ्यात टाकू नका. असिसीचा संत फ्रान्सिस १२२६ च्या आपल्या मृत्युपत्रात विनवतो की, प्रभूचं नाव लिहिलेला कागद भलत्या जागी दिसला तर उचलून चांगल्या जागी ठेवा. खाडीत तर काहीच सोडू नका, भरती ते परत आणते. प्लास्टिकची माळ जाळली तर विषारी धूर, पुरली तर कुजत नाही. तिला माझ्याकडे एकच उत्तर आहे: विकत घेतानाच लाकूड, सूत, माती बघा.

राहिलं एकच. फादरांनी परवानगी दिली आहे. मंगळवारी दुपारी चार वाजता साक्रिस्तीमागे झावळ्यांबरोबर हेही सगळं जाळू, आणि जे जळणार नाही त्यासाठी स्मशानभूमीच्या कोपऱ्यात खड्डा खणून ठेवला आहे. आजीच्या माळेचे चार मणी हरवले होते, ते मी बदलले. ती आज माझ्या हातात आहे, जाताना बघा. दोरा, कात्री आणि सुटे मणी पिशवीत आणलेत. ज्यांची माळ तुटली आहे, त्यांनी दारापाशी मला भेटा.