निकोटिन गम कचाकचा चावू नका! सिगारेट सोडताना कोणती मदत कशी घ्यायची

नमस्कार मंडळी! इंदूरहून मी तुमची मेडिकलवाली ताई. मागच्या व्हिडिओखाली एकच तक्रार: ‘ताई, निकोटिनचं गम आणलं, उपयोग शून्य, उलट मळमळलं.’ म्हणून आज तेच. सिगारेटनं काय होतं ते सांगत बसत नाही, पाकिटावर छापलेलंच आहे.

हे गम म्हणजे सिगारेटऐवजी थोडं निकोटिन देणारं च्युइंगगम. ते सावकाश चावायचं. जिभेला चुणचुण जाणवली की थांबायचं आणि गाल व हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं. चुणचुण गेली की पुन्हा थोडं चावायचं, मग दुसऱ्या गालात. असं साधारण अर्धा तास. त्यातलं निकोटिन गालाच्या आतल्या अस्तरातून रक्तात जातं. भराभर चघळलंत तर ते थुंकीबरोबर पोटात. मग उचक्या, जळजळ, आणि तलफ जिथल्या तिथे!

रामबागेतल्या एका काकांनी परवा काउंटरवरच गम फोडलं आणि बडीशेपेसारखं चावायला लागले. म्हटलं, ‘काका, गालात ठेवा.’ तर म्हणतात, ‘अगं, मग चव कशी येणार?’ काका, चवीसाठी नाहीच ते!

आणि चहा. आपल्याकडे गुमटीवर, म्हणजे टपरीवर, चहा-सिगारेटची जोडी, म्हणून लोक चहाच्या घोटाबरोबरच गम तोंडात टाकतात. चहा, कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक, काहीही घ्यायचं तर गमच्या पंधरा मिनिटं आधी संपवा. गम तोंडात असताना तर नकोच. अशा पेयांनी तोंड आंबट झालं की निकोटिन गालातून नीट शिरत नाही. पुन्हा सांगते: चावा, थांबा, गालात ठेवा.

उठल्यावर अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागते? मग 2 मिलिग्रॅमचं गम बहुधा कमी पडेल, 4 मिलिग्रॅमसाठी डॉक्टरांची चिठ्ठी आणा. पॅच, म्हणजे कातडीवर चिकटवायची निकोटिनची पट्टी, दिवसभर हळूहळू निकोटिन देतो, गम अचानक आलेल्या तलफेसाठी. दोन्ही मिळून एकट्यापेक्षा जास्त कामाचे. व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपियॉन या सिगारेट सोडायला मदत करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच. व्हेपबद्दल विचारणाऱ्या भियांना (भाऊलोकांना): ई-सिगारेटच्या विक्रीवर आपल्या देशात 2019 पासून बंदी आहे.

आता घरचे. एका काकूंनी लिहिलंय, ‘मी रोज ह्यांचे खिसे तपासते.’ काकू, तुमची काळजी कळते, पण त्यानं माणूस लपवायला शिकतो. पहिले दोन-तीन आठवडे ते चिडचिड करतील, झोप बिघडेल; ती निकोटिन तुटल्याची लक्षणं आहेत, तुमच्यावरचा राग नाही. तलफ काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ सोबत राहा, चहानंतर गल्लीत एक चक्कर मारून या. आणि ऑफिसमधल्या मित्रांनो, ‘एक कश घे रे, काय होतंय’ हे म्हणणं कृपा करून बंद करा. मला याचा खरंच संताप येतो.

औषधाला समुपदेशनाची जोड मिळाली की सुटण्याची शक्यता वाढते, आणि समुपदेशन फुकट आहे: राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणारी फोनसेवा, 1800-11-2356. 2016 पासून दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधून चालते. हा नंबर पाकिटावरही असतो, पण गुमटीवरून सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या हाती पाकीट येतच नाही! म्हणून स्क्रीनवर देतेय, आत्ताच सेव्ह करा. गरोदर असाल किंवा नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल, तर गम-पॅचच्या आधी डॉक्टरांना भेटा.