सात सह्यांची संस्था

[दृश्य: तालुक्याचं गाव. एसटी स्टँडमागची गल्ली. झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली, दारावर पत्र्याचा बोर्ड.]

मराठवाड्यात कुठल्याही तालुक्याला जा, असा एखादा बोर्ड दिसतोच. ग्रामीण, बहुउद्देशीय, विकास, प्रतिष्ठान, मंडळ. यांतले दोन-तीन शब्द नावात हमखास असतात. खाली गाव, तालुका, जिल्हा. आणि सगळ्यात खाली दोन नोंदणी क्रमांक. पहिला संस्था नोंदणी अधिनियम, १८६० चा. दुसरा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चा, 'एफ' अक्षराने सुरू होणारा.

आपल्या राज्यात संस्था काढली की ती सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदवावी लागते. म्हणून न्यासांवर देखरेख ठेवणाऱ्या धर्मादाय कार्यालयाशी जे नातं जुळतं ते संस्था असेपर्यंत सुटत नाही. पण बोर्ड रंगवणाऱ्याला त्या दिवशी याची कल्पना नसते. त्याच्या डोक्यात काम असतं.

[दृश्य: जुनं, पिवळं पडलेलं ज्ञापनपत्र. सात नावं, सात सह्या.]

१८६० चा कायदा सात माणसं मागतो. ही सात माणसं येतात कुठून? एक संस्थापक, तोच बहुतेक वेळा सचिव. एक त्याचा कॉलेजचा मित्र, आता माध्यमिक शिक्षक. एक मेहुणा. एक गावातले प्रतिष्ठित अण्णा, अध्यक्षपदाला शोभतील म्हणून. एक वकील, ओळखीचा. कार्यकारिणीत महिला दिसायला हव्यात म्हणून वहिनी आणि सख्खी बहीण. झाले सात. सह्या होतात, चहा होतो, आणि त्या सातांपैकी पाच जण पुढची दहा वर्षं संस्थेच्या खोलीत पाऊल ठेवत नाहीत.

यात कुणाची लबाडी नाही, हे आधी सांगून टाकतो. इथल्या बऱ्याच संस्था संकटातून जन्मल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली. देशभरातून संस्था मदतीला धावल्या, पुनर्वसन करून निघून गेल्या. त्यांच्याबरोबर राबलेली इथली पोरं मात्र इथंच राहिली, त्यांतल्या काहींनी पुढे स्वतःच्या संस्था काढल्या. मग दुष्काळ आले. २०१२-१३ चा आला, नंतर २०१६ चा, जेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. चारा छावणी, टँकर, गाळ काढणं, विहिरीचं पुनर्भरण. अशा वेळी सात माणसं नीट निवडत बसायला फुरसत कुणाला होती?

[दृश्य: जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर. मुखपृष्ठावर 'इतिवृत्त'.]

हे प्रोसिडिंग बुक. पाच वर्षांच्या बैठका यात आहेत, आणि अक्षर एकच आहे. नीट पाहिलं तर शाईही एकच आहे. ऑडिट जवळ आलं की सीएच्या ऑफिसातून फोन येतो, "सर, ठराव लागतील." मग सचिव एका रात्रीत चार बैठका 'घेतात'. गणपूर्ती होते, मागील इतिवृत्त वाचून कायम होतं, आयत्या वेळचे विषय नसतात, आणि अध्यक्षांचे आभार मानून सभा संपते. दुसऱ्या दिवशी मोटरसायकलवर सह्यांचा दौरा. "अण्णा, एवढी सही करून टाका." अण्णा चष्मा न लावताच सही करतात.

नियामक मंडळाने संस्थेवर लक्ष ठेवावं, ही झाली पुस्तकातली गोष्ट. इथं सचिवच मंडळावर लक्ष ठेवतो: कोण आजारी आहे, कोण मुलाकडे पुण्याला गेलंय, सह्या संपायच्या आत कुणाला गाठायचं.

आणि आता खरी गंमत. हीच संस्था गावोगाव महिला बचत गट बांधते. त्या गटांना पंचसूत्री शिकवते: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड, नियमित लेखे. कितीतरी गटांत उशिरा येणारीला दंड असतो. पैसे सगळ्यांसमोर मोजले जातात, हिशोब मोठ्याने वाचला जातो, एखादी म्हणते, "थांब गं, मागच्या महिन्याचे माझे पन्नास कुठं लिहिले?" अंगठा लावणाऱ्या बायकांकडून जी शिस्त ही संस्था करून घेते, ती स्वतःच्या कार्यकारिणीला लावायचं तिला सुचत नाही. मला तरी या सगळ्या विषयातली सर्वांत मोठी विसंगती हीच वाटते.

[दृश्य: जिल्ह्याचं ठिकाण. धर्मादाय कार्यालयाबाहेरची बाकं, काखेत फायली घेतलेली माणसं.]

कागदावरच्या बैठका चालून जातात. वर्षानुवर्षं चालतात. मग एके दिवशी सातांपैकी एक जण वारतो, आणि तिथून गाडी अडते.

विश्वस्त बदलला, वारला, राजीनामा दिला, नवीन निवडला. काहीही झालं तरी १९५० च्या कायद्याच्या कलम २२ नुसार तो बदल ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाला कळवायचा असतो. अधिकृत भाषेत हा बदल अहवाल, सगळे म्हणतात चेंज रिपोर्ट. सोबत सभेची नोटीस, ती पोचल्याचा पुरावा, ठराव, हजेरी, नव्या माणसाचं संमतीपत्र, शपथपत्र. मंजुरी मिळाली की परिशिष्ट एकवर, म्हणजे शेड्यूल वनच्या उताऱ्यावर, नवीन नाव चढतं.

बोलायला सोपं आहे. पण नोटीस काढलीच नव्हती, तर ती पोचल्याचा पुरावा आणायचा कुठून? सभा एका रात्रीत झाली होती, तर हजेरीवर वारलेल्या माणसाची सही पडलीय, मृत्यूच्या दाखल्यानंतरच्या तारखेची. असे घोळ प्रत्यक्षात होतात. ते कुणाच्या वाईट हेतूने होत नाहीत, घाईने होतात. तरी समोर बसलेल्या अधिकाऱ्याला ते बनावट दस्तासारखेच दिसणार. त्याचंही काय चुकलं?

२०१७ च्या दुरुस्तीने उशीर माफ करण्याची वाट दिली आहे, खर्च भरून. म्हणून पंधरा वर्षांचे चेंज रिपोर्ट एकदम दाखल करणाऱ्या संस्थाही असतात. एकावर एक रचलेले. आधीचा मंजूर झाल्याशिवाय पुढच्याला पाय फुटत नाही.

तोपर्यंत बाहेर काय होतं ते पाहा. बँक सांगते, सह्या बदलायच्या तर शेड्यूल वन आणा. कंपनीचा सीएसआर विभाग, म्हणजे सामाजिक कामाला पैसे देणारा, सांगतो, विश्वस्तांची अद्ययावत यादी द्या. आयकराच्या पोर्टलवर नाव एकाचं, आधार दुसऱ्याचं. खात्यात पैसे असतात आणि काढता येत नाहीत. पगार थकतो तो गावात काम करणाऱ्या ताईचा, जिचा या सगळ्याशी काडीचा संबंध नाही.

इथं शिक्षण संस्थांशी तुलना केल्याशिवाय राहवत नाही. मोठ्या शिक्षण संस्थेत अनुदानित पदं असतात, इमारती असतात, जागा असते. तिथं दोन गट पडतात, दोन्ही गट आपापल्या सभा घेतात, दोन्ही आपापले चेंज रिपोर्ट टाकतात, आणि प्रकरण वर्षानुवर्षं तारखांवर चालतं. छोट्या सामाजिक संस्थेत याच्या नेमकं उलट दुखणं. खुर्ची रिकामी आहे आणि बसायला कुणी तयार नाही. संस्थापकाने साठी ओलांडली. मुलगा पुण्यात नोकरीला. पंधरा वर्षं संस्थेत राबलेला कार्यकर्ता आहे, सगळ्या गावांना तोच माहीत आहे, पण तो मानधनावर आहे. त्याला विश्वस्त करावं तर पगार घेणाऱ्याने मंडळावर बसावं का, हा प्रश्न. त्याने मानधन सोडावं, तर घर कसं चालवावं?

मग तात्पुरता तोडगा म्हणून वहिनीच अध्यक्ष होतात.

[दृश्य: ऊसतोड टोळी ट्रॅक्टरवर सामान चढवतेय. भांडी, शेळ्या, अंथरूण, पोरं.]

आता पैशाकडे येऊ. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ ने मोठ्या कंपन्यांवर आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करण्याचं बंधन घातलं. १ एप्रिल २०१४ पासून ते लागू झालं, आणि छोट्या संस्थांना वाटलं, आता दिवस पालटले. पण कायद्यातच आहे की कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावं. कंपन्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्यात. हिंगोलीच्या किंवा धाराशिवच्या संस्थेने कुणाचं दार ठोठवायचं? भागातला मोठा उद्योग म्हणजे साखर कारखाना. त्यातले सहकारी कारखाने कंपनी कायद्याखाली येतच नाहीत, त्यामुळे त्यांना हे कलम लागू नाही. ज्यांच्यासाठी ऊस तोडला जातो, त्यातल्या कित्येकांवर तोडणाऱ्याच्या पोरांसाठी खर्च करण्याचं असं बंधन नाही.

पैसा मिळालाच तर कॅलेंडर आडवं येतं. दिवाळीच्या सुमारास बीड, धाराशिव, जालन्याच्या गावांतून टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. प्रकल्पाचा करार व्हायला सप्टेंबर, पहिला हप्ता पडायला ऑक्टोबर-नोव्हेंबर. पैसे आले तेव्हा निम्मं गाव पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर. लोक परत येतात तेव्हा आर्थिक वर्ष संपलेलं, आणि वरून फोन, "३१ मार्चच्या आत खर्च दाखवा." मग रिकाम्या गावात प्रशिक्षणं होतात. म्हाताऱ्या माणसांच्या हजेरीवर.

खरं तर याला उत्तर नियमांतच आहे. कंपनीला प्रकल्प 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर करता येतो, मग उरलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत खर्चता येते. पण करार करतानाच हे मागावं लागतं. आणि आपले सचिव करार करताना मागत नाहीत, मिळालं यातच हरखून जातात. मंडळात एखादा हिशोब समजणारा माणूस खऱ्या अर्थाने बसलेला असता तर त्याने हा प्रश्न विचारला असता.

परदेशी देणगीचा मार्ग तर सप्टेंबर २०२० पासून फारच अरुंद झाला. तोपर्यंत मुंबई-पुण्याची एखादी मोठी संस्था परदेशातून निधी घ्यायची आणि त्यातला काही हिस्सा नोंदणी असलेल्या छोट्या संस्थेला द्यायची. परदेशी देणगीच्या कायद्यातल्या दुरुस्तीने हे पुढे देणंच बंद केलं. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली, आणि देणगी स्वीकारण्याचं खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच काढायला लावलं. मोठ्यांनी वकील लावले, माणसं नेमली. ज्यांचं सगळं त्या हिश्श्यावर चालत होतं, त्या छोट्यांनी खोल्या सोडल्या.

[दृश्य: टेबलावर व्हाउचर, पेट्रोलच्या पावत्या, रेव्हेन्यू स्टॅम्पची पानं.]

हिशोबनीस कुणाला ठेवायचा, हा मला सगळ्यात जवळचा प्रश्न वाटतो. देणगीदार विहिरीला पैसे देतो, शिलाई मशीनला देतो, मुलींच्या सायकलींना देतो. त्या विहिरीचं व्हाउचर लिहिणाऱ्याला कुणी देत नाही. मग ते व्हाउचर कार्यकर्ता एसटीत बसून मांडीवर लिहितो.

आणि कामं किती? वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत धर्मादायचं ऑडिट. आयकराचं विवरण वेगळं. देणाऱ्याला आयकरात सवलत मिळेल अशी देणगी घेतली असेल तर देणगीदारांची माहिती ३१ मेपर्यंत ऑनलाइन. रोखीत २,००० रुपयांच्या वरची देणगी असेल तर देणाऱ्याला सवलत नाही, हे त्याला समजावून सांगणं. मिळालेल्या उत्पन्नातलं ८५ टक्के कामावर खर्चणं, नाहीतर पुढे ओढायची सूचना मुदतीत देणं. २०२१ पासून आयकराची नोंदणीही कायमची राहिली नाही, दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. छोट्या न्यासांसाठी २०२५ च्या अर्थसंकल्पात ती मुदत दहा वर्षांवर नेली, हे चांगलं झालं. पण दहा वर्षांनी आठवण कोण ठेवणार?

मार्चमध्ये हप्ता लांबला की सचिव स्वतःचे पैसे घालतो. बायकोचे दागिनेही ठेवतो. संस्थेत याला त्याग म्हणतात, आणि तो असतोही. पण विश्वस्तांनी संस्थेसाठी असं खासगी कर्ज काढायचं तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ताळेबंदात 'सचिवांकडून उसनवार' असं येतं, पुढच्या वर्षी ते फिटतं, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा येतं. हळूहळू संस्थेचा खिसा आणि घरचा खिसा एकच होतो. मग जीप कुणाची, प्लॉट कुणाचा, हे सांगता येईनासं होतं. गावात कुजबुज सुरू होते, आणि प्रामाणिक माणसाकडेही ती थांबवायला कागद नसतो.

[दृश्य: समाजमंदिर. गोल बसलेल्या बायका, मध्ये गटाचं रजिस्टर.]

काही संस्थांनी एक साधी गोष्ट करून पाहिली आहे. ज्या गटांसाठी काम चालतं, त्या गटांतल्याच दोन-तीन जणींना आधी सभासद आणि मग कार्यकारिणीवर घेतलं. सुरुवातीला त्या गप्प बसतात. अण्णांसमोर बोलायचं कसं? तिसऱ्या-चौथ्या बैठकीला कुणीतरी विचारतं, "सर, डिझेलचे एवढे कसे झाले? गाडी तर आमच्या गावाला एकदाच आली."

खोलीत अवघडलेपण येतं. सचिव हसून विषय बदलायला बघतात. पण तिला गटात रक्कम जुळेपर्यंत उठायची सवय नाही. ती लॉगबुक मागते. लॉगबुक नसतं. मग पुढच्या महिन्यापासून ते ठेवावं लागतं, आणि बैठकीची नोटीस आठवडाभर आधी खरोखरच काढावी लागते, कारण तिला रोजगार बुडवून यायचं असतं आणि ती तारीख विचारते.

यात सचिवांची चिडचिड होते. सगळ्यांनाच हे झेपत नाही, काहींनी पुढच्या निवडीत त्या बायकांना अलगद वगळलंही आहे. ज्यांनी ठेवलं, त्यांचा पुढचा चेंज रिपोर्ट ९० दिवसांत गेला. नोटीस होती, पोचल्याच्या सह्या होत्या, आणि हजेरीवर आलेल्या माणसांचीच नावं होती.