अर्धवट निरोप आणि पेशीची टाचणी

श्रोतेहो, नमस्कार.

हिमोग्लोबिनमध्ये बीटा ग्लोबिन नावाचं प्रथिन असतं, १४६ अमिनो आम्लांचं. त्याच्या जनुकात ३९व्या आम्लापाशी डीएनएच्या एका 'सी' अक्षराच्या जागी 'टी' आला, की तिथे मध्येच 'थांबा' असा संकेत तयार होतो. इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या थॅलेसेमियात, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक आजारात, हाच दोष सर्वाधिक सापडतो. मग ३८ आम्लांचा तुकडा रक्तात साठत असेल? नाही, कारण जनुकाची जी नक्कल वाचून प्रथिन बनतं तो निरोप, म्हणजे एमआरएनए, पेशी मुळात टिकूच देत नाही. यीस्टमध्ये हे १९७९ साली फ्रान्सच्या लोसाँ आणि लाक्रूत यांनी दाखवलं. १९८१ मध्ये लिन माक्वाट यांना थॅलेसेमियाच्या रुग्णांतही तेच दिसलं.

पण पेशीला कळतं कसं? 'थांबा' तर प्रत्येक निरोपाच्या शेवटी असतोच!

गंमत सांध्यांत आहे. निरोप तुकडे जोडून तयार होतो आणि जवळपास प्रत्येक सांध्याच्या वीस-चोवीस अक्षरं अलीकडे प्रथिनांचा एक पुंजका बसतो, शिंप्यानं टाचणी लावून ठेवावी तसा. निरोप वाचून प्रथिन बनवणारं पेशीतलं यंत्र, म्हणजे रायबोसोम, वाचत पुढे सरकतो तशा या टाचण्या गळून पडतात. खरा थांबा बहुतेक वेळा शेवटच्या सांध्यापलीकडे असतो, म्हणजे तिथवर एकही उरत नाही. बीटा ग्लोबिनमध्ये सांधे दोन. ३९वर थांबलेल्या रायबोसोमनं पहिली टाचणी पाडलेली असते, दुसरी मात्र पुढे तशीच. ती दिसली की यूपीएफ-१ हे प्रथिन कामाला लागतं, निरोप कापला जातो आणि तुकडे दोन्हीकडून कुरतडले जातात.

यात एक पळवाट आहे. दोष १२१व्या जागी असेल, तर तो दुसऱ्या सांध्याच्या पलीकडे पडतो. टाचणीच नाही, तर संशय कोण घेणार? अर्धवट प्रथिन बिनबोभाट तयार होतं आणि अस्थिमज्जेतल्या रक्त बनवणाऱ्या पेशींत गोळा होऊन त्यांनाच मारतं. ३९वाला दोष एकाच पालकाकडून आला, तर माणूस 'थॅलेसेमिया मायनर', म्हणजे सहसा त्रास नसलेला वाहक, होतो. कित्येकांना ते लग्नाआधीच्या किंवा गरोदरपणातल्या रक्ततपासणीतच कळतं. १२१वाल्याच्या जनुकाची दुसरी प्रत धडधाकट असूनही त्याला रक्तक्षय होतो, प्लीहा वाढते.