मातीच्या बैलाला पाठही असते

पहिली-दुसरीतल्या मुलाच्या हातात माती दिली की ते ती बाकावर थापतं, काडीने डोळे-नाक कोरतं आणि म्हणतं, 'बाई, झालं!' ते झालं मातीवरचं चित्र. शिल्पाला पाठ असते, पोट असतं, बाजू असतात. पहिल्या वर्षी तुम्ही एवढंच साधा, की मूल वस्तूच्या सगळ्या बाजू बघायला लागेल.

प्रत्येकाला वीतभर फळी द्या, वर ओलं फडकं. दर दोन-तीन मिनिटांनी तुम्ही म्हणायचं 'फिरवा', की सगळ्यांनी फळी पाव फेरा फिरवायची. समोरून झकास दिसणारा बैल बाजूने भाकरीसारखा चपटा निघाला की मूल स्वतःच हसतं आणि दुरुस्तीला लागतं. तिथे तुमचा हात नको.

आता माती. सोलापुरात घोडं इथेच अडतं. मुलं हौसेने रानातली काळी माती आणतील. मळायला ती लोण्यासारखी, पण पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तितकीच आकसते. उन्हाळ्यात रानाला पडतात तशाच भेगा बैलाच्या पाठीला पडतात. नुसती वापरूच नका. ढेकळं फोडून दोन दिवस भिजवा, गाळा, पाणी निथळू द्या. मग तीन भाग मातीला एक भाग बारीक चाळलेली वाळू मिसळा. यंत्रमागावरचा सुताचा कचरा आपल्या गावात कुठेही मिळतो. तो नखाएवढा कातरून चार-पाच किलोला मूठभर घाला. सूत मातीला आतून धरून ठेवतं. पांढरंच घ्या, रंगीत सुताचा रंग सुटतो. कुंभाराकडे तयार माती मिळाली तर ही सगळी यातायात वाचते. मुलामागे अर्धा किलो धरा, म्हणजे ४० जणांच्या वर्गाला २० किलो. मळलेली माती पुरीच्या कणकेइतकी घट्ट हवी.

सगळ्यात मोठी तक्रार असते पाय गळण्याची. वेगळे केलेले पाय नुसते दाबून चिकटवले तर वाळताना सुटणारच. त्यापेक्षा गोळ्यातूनच चार पाय ओढून काढायला शिकवा, आखूड आणि अंगठ्याएवढे जाड. शिंगं, शेपूट जोडायचीच असतील तर दोन्हीकडे जुन्या कंगव्याने ओरखडे, त्यावर पातळ चिखल, आणि सांधा बोटाने पुसून बुजवायचा. बाकावर पाण्याची वाटी ठेवू नका. मुलं पाणी लावतच राहतात आणि बैल बसकण मारतो. ओला स्पंज पुरे.

दोन बोटांहून जाड भाग खालून चमच्याने पोखरा. नाहीतर वरचा थर आधी वाळून आकसतो, आतला ओलाच राहतो आणि वरचा फाटतो. पहिले दोन दिवस ओला करून घट्ट पिळलेला टॉवेल झाकायचा, मग सावलीत आठवडाभर, पंख्यापासून दूर. एप्रिलच्या झळांत हा उद्योग नकोच. बेंदूर-पोळ्याच्या सुमाराला हवेत ओल असते, तेव्हा करा. भाजायच्या भानगडीतही पडू नका. हात बादलीत धुवायचे; बेसिनमध्ये धुतलेत तर मुख्याध्यापक पुन्हा माती आणू देणार नाहीत. वर्ग कोरडा झाडू नका, धूळ मुलांच्या नाकात जाते. ओल्या फडक्याने पुसा.

सहल काढाल तर हत्तरसंग-कुडलला काढा. भीमा-सीनेच्या संगमावरच्या तिथल्या शिवलिंगावर ३५९ मुखं कोरलेली आहेत. शके ९४० चा मराठी शिलालेखही तिथेच आहे, पण तो भाषेच्या सरांसाठी सोडा. मुलांचे चार गट करून शिवलिंगाच्या चार बाजूंना बसवा, आपापल्या जागेवरून किती मुखं दिसतात ते मोजू द्या आणि मग जागा बदला.